कौलांचा आंकडा आणि घराचा आकार

(१) जुन्या घराण्यांच्या जमाखर्चांत व दप्तरांतील किरकोळ यादींत कौलांचे आंकडे येतात. अमुक हजार कौलें आणविलीं, अमुक शेंकडा फुटलीं, शाकारणीस इतके मजूर लागले, अशा मासल्याच्या ह्या नोंदी. त्यांत ना तह, ना लढाई, ना वंशावळ. म्हणून संग्राहकाच्या हातीं असा कागद आला तर तो बहुधा रुमालाच्या तळाशीं जातो. क्वचित् कोणी त्याची दखल घेतलीच, तर दहा हजार कौलें म्हणजे केवढा मोठा वाडा, अशा अनुमानानें घेतो. हीं दोन्ही टोंकें चुकीचीं आहेत. कौलांचा आंकडा हा नीट वाचला असतां घराचें एक मापच आहे. आणि ज्या घराचें आज केवळ जोतें उरलें आहे, त्याच्या छपराविषयीं कांहीं निश्चित बोलावयाचें तर पुष्कळदां हेंच एक साधन हातीं राहतें. मात्र तें वाचावयाचें कसें, आणि त्यांत चूक होते ती कोठें, हें आधीं ठरविलें पाहिजे. एवढ्याच मर्यादित प्रश्नाचा विचार येथें केला आहे.

(२) प्रथम शब्दाचा विचार. कौल हा शब्द मराठींत दोन आहेत. एक पुल्लिंगी, अरबींतून आलेला, अर्थ वचन किंवा अभय. कौलनामा, अभयकौल, देवाचा कौल हे सर्व त्याचेच प्रयोग. दुसरा नपुंसकलिंगी, अर्थ छपरावरील भाजलेल्या मातीचें आच्छादन. ‘कौल दिला’ आणि ‘कौलें घातलीं’ यांत संशयास जागा नाहीं. परंतु सामान्यरूप झालें कीं दोन्ही शब्द एक होतात. ‘कौलाचे रुपये’ म्हणजे अभयपत्राबद्दल घेतलेली रक्कम कीं छपराचा खर्च, हें केवळ शब्दावरून कळत नाहीं. अनेकवचनीं अनुस्वारानें भेद व्हावयाचा, पण मोडी लिहिणारे कारकून अनुस्वार सर्रास गाळतात. तेव्हां अशा ओळीच्या मागेंपुढें वासे, रिपा, चुना, कुंभार, मजूर यांपैकीं कांहीं आहे काय, हें पाहिल्याशिवाय लिप्यंतर करणारानें सूचींत तो कागद कोणत्याहि सदराखालीं टाकूं नये.

(३) आतां मापाकडे वळूं. हा विषय माझ्या ध्यानांत आला तो ग्रंथावरून नव्हे, तर स्वतःच्या एका चुकीवरून. आणि ती चूक येथें उपयोगाची असल्यामुळें सांगतों. इ. स. १९८६ च्या वैशाखांत कोंकणांतील आमच्या घरावरचे जुने नळे उतरवून मंगळुरी कौलें घालावयाचें ठरलें. मी तेव्हां शाळेंत संस्कृत शिकवीत असें, आणि लीलावतींतील क्षेत्रव्यवहार मला मुखोद्गत होता. घर बाहेरच्या भिंतीवरून ४० फूट लांब व २४ फूट रुंद, म्हणजे ९६० चौरस फूट. एका ब्रासास, म्हणजे १०० चौरस फुटांस, दीडशें कौलें लागतात हें ऐकून ठाऊक होतें. त्रैराशिकानें १,४४० आलीं. फूटतूट धरून मीं १,५०० आणविलीं. पुढचें पाखें पुरें झालें आणि मागच्या पाख्याचा जेमतेम चौथा हिस्सा झांकला, तोंच कौलें संपलीं. दुसरी गाडी येईपर्यंत मृग लागला. माजघराच्या माळ्यावर पोथ्यांचीं दोन गांठोडीं होतीं. तीं दोन्ही भिजलीं. एक सावलींत पान पान पसरून वाळविलें तेव्हां वांचलें. दुसऱ्याचीं पानें एकमेकांस चिकटून त्यांचा एकच ठोकळा झाला.

गांवचे वृद्ध सुतार दुसरे दिवशीं आले. त्यांनीं एवढेंच विचारलें, “मास्तर, दोरी कुठं धरली होतीत?” मीं ओटीकडे बोट दाखविलें. ते कांहीं बोलले नाहींत. शिडी लावून वर गेले, आढ्याशीं दोरीचें एक टोंक धरावयास मुलास सांगितलें, आणि दुसरें टोंक भिंतीच्याहि पलीकडे, वळचणीच्या अगदीं शेवटापर्यंत आणलें. दोरी १७ फूट भरली.

(४) त्या दोरीचें गणित असें. घराची रुंदी २४ फूट, तिची निमी १२. वळचण भिंतीच्या बाहेर ३ फूट; म्हणून आढ्यापासून वळचणीपर्यंतचें आडवें अंतर १५ फूट. वळचणीच्या पातळीपासून आढ्याची उंची ८ फूट. भुज १५, कोटि ८, म्हणून कर्ण १७. ज्यांनीं शुल्बसूत्रें पाहिलीं आहेत त्यांस ही त्रयी ओळखीची वाटेल. बौधायनानें आयताच्या कर्णाचा सिद्धांत सांगून जीं उदाहरणें दिलीं आहेत, त्यांत ३ व ४, १२ व ५, ७ व २४ यांच्याबरोबर १५ व ८ हीं मापेंहि आहेत. यज्ञवेदी आंखण्यासाठीं जें गणित सिद्ध झालें, तेंच सुताराच्या दोरींत होतें. फरक एवढाच, कीं मला तें सूत्ररूपानें पाठ होतें आणि त्यांस तें कोठें लावावयाचें हें ठाऊक होतें.

भास्कराचार्यांनीं शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास लीलावती रचिली. तींत क्षेत्रव्यवहारानंतर खात, चिति, क्रकच व राशि असे व्यवहार येतात. चितिव्यवहारांत विटांच्या रचलेल्या ढिगाचें घनफळ एका विटेच्या घनफळानें भागून विटांची संख्या काढावयास सांगितली आहे, आणि ढिगाची उंची विटेच्या उंचीनें भागून थरांची. क्रकचव्यवहारांत लांकूड कापण्याच्या मजुरीचा हिशेब आहे. म्हणजे इमारतीच्या सामानाचें गणित आचार्यांस त्याज्य नव्हतें. छपरासाठीं वेगळा व्यवहार त्यांत नाहीं. पण क्षेत्रव्यवहारांतील कर्ण आणि चितिव्यवहारांतील भागाकार हे दोन एकत्र केले कीं कौलांचा हिशेब पुरा होतो. पाख्याची लांबी गुणिले कर्ण हें क्षेत्र. त्यास एका कौलाच्या उघड्या भागानें भागावें, म्हणजे कौलांची संख्या. कर्णाचा वर्ग पूर्ण वर्ग नसेल तर आसन्नमूळ कसें काढावें, हेंहि लीलावतींत सांगितलेलें आहे.

(५) आमच्या घराचा हिशेब पुरा करूं. लांबीच्या दोन्ही बाजूंसहि छप्पर ३ फूट पुढें आलेलें, म्हणून पाख्याची लांबी ४६ फूट. एक पाखें ४६ गुणिले १७, म्हणजे ७८२. दोन पाखीं १,५६४ चौरस फूट. दीडशेंच्या प्रमाणानें कौलें २,३४६. मीं आणविलेल्या १,५०० कौलांत जवळजवळ साडेआठशेंची तूट होती.

ही तूट कशामुळें आली, हें मीं कित्येक वर्षें चुकीचें सांगत होतों. छपराचा उतार धरला नाहीं म्हणून, असें मी विद्यार्थ्यांस सांगें आणि फळ्यावर कर्ण काढून दाखवीं. पुढें हिशेब वेगळा वेगळा करून पाहिला तेव्हां निराळेंच दिसलें. भिंतीवरील क्षेत्र ९६०. वळचण धरून सपाट क्षेत्र ४६ गुणिले ३०, म्हणजे १,३८०. वाढ ४२० ची. उतार धरून १,५६४. वाढ केवळ १८४ ची. म्हणजे तुटीचा मोठा भाग वळचणीचा होता. उताराकडे तिच्या निम्म्याहूनहि कमी वांटा येतो. संस्कृत शिकलेल्या माणसाचें लक्ष कर्णाकडे गेलें, कारण कर्ण ग्रंथांत होता. घराभोंवतीं पागोळ्या पडतात ती तीन फुटांची पट्टी नजरेसमोर असून दिसली नाहीं. वास्तविक तीहि ग्रंथांत आहे. अमरकोशांत छपराच्या कडेस वलीक व नीध्र असे स्वतंत्र शब्द दिले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शेजारील दोन घरांच्या छपरांच्या कडांमध्यें चार अंगुळें अंतर असावें किंवा त्या एकमेकींवर चढवाव्या, असा नियम सांगितला आहे; आणि तो भिंतींमधील अंतराच्या नियमाहून वेगळा सांगितला आहे. भिंतीची हद्द आणि छपराची हद्द एक नव्हे, हें त्या काळींहि व्यवहारांत गृहीत होतें.

(६) येथें आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. चौपाखी घरास दुपाखीपेक्षां पुष्कळ अधिक कौलें लागतात असें सामान्यतः समजतात. सर्व पाख्यांचा उतार सारखा असेल, तर तसें होत नाहीं. सूर्य बरोबर डोक्यावर असतां छपराची जी सावली जमिनीवर पडेल ती दुपाखी घराची असो कीं चौपाखीची, वळचणीच्या आंतील जागेएवढीच असते. आणि उतार सारखा असल्यामुळें पाख्याचा प्रत्येक तुकडा आपल्या सावलीच्या एकाच पटीनें मोठा असतो. १५ व ८ च्या उतारास ती पट १७ भागिले १५, म्हणजे सुमारें १·१३. म्हणून दोहोंचें क्षेत्र एकच. अधिक लागतात तीं कोनवाशांवरील झांकणकौलें, आणि कोनाशीं तोडावीं लागल्यामुळें वायां जाणारीं. दुपाखींत उलट दोन्ही टोंकांच्या त्रिकोणी भिंती वर चढवाव्या लागतात. पण तो खर्च विटामातीच्या सदरांत दिसतो. तेव्हां नुसत्या कौलांच्या आंकड्यावरून घर दुपाखी होतें कीं चौपाखी, हें सांगतां येणार नाहीं. तसेंच माडी होती कीं नव्हती, हेंहि सांगतां येणार नाहीं. कारण दोन मजले असले तरी छप्पर एकच असतें.

(७) आतां सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतों. ती म्हणजे कौलाची जात.

मंगळुरी कौल हें आपल्याकडे इतकें रुळलें आहे कीं कौल म्हटलें म्हणजे तेंच डोळ्यांपुढें येतें. परंतु तें अर्वाचीन आहे. एकमेकांत अडकणाऱ्या सांच्याच्या कौलाचा अधिकारलेख फ्रान्समधील अल्सास प्रांतांतील आल्टकिर्श येथील जिलार्दोनी बंधूंनीं इ. स. १८४१ मध्यें मिळविला. त्याच घाटाचीं कौलें बासेल मिशनच्या प्लेब्स्ट यांनीं मंगळूरच्या जेप्पू भागांत कारखाना काढून इ. स. १८६५ पासून पाडण्यास आरंभ केला. इ. स. १८६८ मध्यें आल्बुकर्क यांचा कारखाना निघाला, आणि मग गलबतांतून हीं कौलें पश्चिम किनाऱ्यावरील बंदरोबंदरीं गेलीं. तेव्हां इ. स. १८६५ पूर्वींच्या कोणत्याहि कागदांतील कौल मंगळुरी असणें शक्य नाहीं. जातां जातां संग्राहकांस एक सूचना: ह्या कौलांच्या पाठीवर कारखान्याच्या नांवाशेजारीं १८६५ किंवा १८६८ असा आंकडा उठविलेला आढळतो. तो कारखान्याच्या स्थापनेचा आहे, तें कौल भाजल्याचा नव्हे. त्यावरून घराचें साल ठरवूं नये.

मंगळुरी कौल १६ इंच लांब व सव्वानऊ इंच रुंद असतें. पण वरच्या ओळीखालीं व शेजारच्या खांचेंत दबून उघडा राहणारा भाग सुमारें साडेबारा इंच लांब व सव्वाआठ इंच रुंद. या हिशेबानें एका ब्रासास १४० कौलें येतात. फूटतूट धरून गवंडी दीडशें म्हणतात तें यामुळेंच.

त्यापूर्वींचें कौल म्हणजे कुंभारानें चाकावर निमुळता नळ काढून, उभा चिरून दोन केलेला नळा. हा एकटा कामास येत नाहीं. एक ओळ उताण्या नळ्यांची, आणि दोन उताण्या ओळींच्या सांध्यावर एक ओळ पालथ्यांची, अशी त्यांची जोडी असते. शिवाय प्रत्येक नळा खालच्या नळ्यावर चढलेला. आमच्या छपरावरून उतरलेले नळे ९ इंच लांब होते. पैकीं ३ इंच चढणींत जाऊन ६ इंच उघडे राहत, आणि उताण्या ओळी पांच पांच इंचांवर होत्या. म्हणजे एका चौरस फुटांत लांबीनें दोन, रुंदीनें २·४, आणि उताणा व पालथा मिळून त्याची दुप्पट, एकूण ९·६. ब्रासास ९६० नळे. जेथें मंगळुरी दीडशें लागतात, तेथें नळे जवळजवळ हजार लागतात. आमच्या त्याच घरास २,३४६ मंगळुरी कौलांच्या ठिकाणीं, फूटतूट न धरतां, १५,००० नळे लागले असते. पावसाळी मुलुखांत नळ्यांचे दोन थर देतात. तेथें ही संख्या ३०,००० वर जाईल. नळ्याचें माप गांवोगांव, किंबहुना कुंभारोकुंभार बदलतें. म्हणून ९·६ हा आंकडा सर्वत्र लावावयाचा नव्हे, रीत लावावयाची. त्या गांवांतील एखादा जुना नळा मिळवून त्याची लांबी व रुंदी घ्यावी, आणि जुनें छप्पर शिल्लक असल्यास त्यावरून चढण मोजावी.

(८) हें ध्यानांत घेऊन उलट दिशेनें जाऊं. समजा, पेशवाईंतील एखाद्या यादींत नव्या घरासाठीं दहा हजार कौलें आणविल्याची नोंद आहे. मंगळुरी कौलाची संवय असलेला वाचक दीडशेंनीं भागून सदुसष्ट ब्रास, म्हणजे साडेसहा हजार चौरस फुटांहून मोठा वाडा डोळ्यांपुढें आणील. वस्तुस्थिति अशी असेल: दशांश फुटींत गेलीं, राहिलीं ९,०००. वरच्या प्रमाणानें भागून पाख्यांचें क्षेत्र सुमारें ९३८ चौरस फूट. उताराची पट काढून टाकतां वळचणीच्या आंतील सपाट क्षेत्र ८२७. लांबी रुंदीच्या दीडपट धरली तर छप्पर साडेतेवीस फूट रुंद व सव्वापस्तीस फूट लांब. दोन्हींतून वळचणीचे सहा सहा फूट वजा करतां भिंती साडेसतरा फूट व सव्वाएकोणतीस फूट. म्हणजे सुमारें ५१० चौरस फुटांचें, एका मध्यम गृहस्थाचें घर. वाडा आणि हें घर यांत तेरा पटींचें अंतर आहे. आणि दोन थर असले तर घर याहूनहि बरेंच लहान होईल.

यावरून चुकांची प्रतवारी लावतां येते. कौलाची जात चुकली तर हिशेब सहा पटींहून अधिक चुकतो. थर एक कीं दोन हें चुकलें तर दुपटीनें. वळचण विसरली तर वरील दोन उदाहरणांत अनुक्रमें सुमारें १·४४ पट व १·६२ पट चूक आली. घर जितकें लहान तितकी ही चूक मोठी. उताराची चूक सर्वांत लहान: १२ व ५ च्या उतारास पट १·०८, ४ व ३ च्या उतारास १·२५, आणि भुजकोटि समान असतां, म्हणजे फारच उभ्या छपरास, १·४१. म्हणून संशोधकानें आधीं कौलाची जात पाहावी, मग थर, मग वळचण, आणि शेवटीं कर्ण. मीं बरोबर याच्या उलट क्रमानें विचार केला होता.

(९) आणखी एक अट आहे. आंकडा नव्या बांधणीचा कीं शाकारणीचा, हें ठरल्याशिवाय वरील रीत लावूं नये. नळ्यांचें घर दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं शाकारावें लागतें. वाऱ्यानें सरकलेले नळे बसवावे, वानरांनीं फोडलेले बदलावे. त्यासाठीं आणलेल्या कौलांचा घराच्या आकाराशीं सरळ संबंध नाहीं. चैत्र वैशाखांतील नोंद, सोबत वासे किंवा खांब नाहींत, नुसते मजूर व कौलें आहेत, तर ती शाकारणीची समजावी. लागोपाठच्या वर्षांत तशाच नोंदी असतील तर संशय राहत नाहीं. देशावर जेथें धाब्याचीं व माळवदाचीं घरें आहेत, तेथें अर्थातच हा प्रश्न उद्भवत नाहीं.

(१०) ह्या सर्व खटाटोपाचें फळ काय, असें कोणी विचारील. रायगडावरील वाडे इ. स. १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या तोफांनीं लागलेल्या आगींत गेले. पुण्याचा शनिवारवाडा इ. स. १८२८ च्या आगींत जळाला. दोन्ही ठिकाणीं आज पाहणारास जोतीं दिसतात. छप्पर कोठेंच नाहीं. अशा प्रसिद्ध वास्तूंची गोष्ट राहो. गांवोगांवच्या इनामदारांच्या, जोशीकुळकर्ण्यांच्या पडक्या घरांचीहि तीच स्थिति आहे. जोतें लांबीरुंदी सांगतें. त्याच घराची नव्या कौलांची यादी हातीं आली, तर दोन्ही पडताळून छपराचा विस्तार, वळचणीचा पसारा व थर यांविषयीं अनुमान करतां येतें. आणि यादी व जोतें जुळलें नाहीं, तर ती यादी त्या घराची नव्हे, हेंहि कळतें. कागदाची अशी परीक्षा अक्षरवटिकेच्या परीक्षेइतकीच उपयुक्त आहे.

म्हणून संग्राहकांस दोन विनंत्या आहेत. कौलांच्या, वाशांच्या, शाकारणीच्या यादी क्षुल्लक समजून रुमालांतून वेगळ्या काढूं नयेत. ज्या घराच्या कागदांत त्या सांपडल्या त्याच कागदांबरोबर राहूं द्याव्या. आणि आज गांवोगांव नळे उतरून पत्रे व गच्च्या होत आहेत, तेथें छप्पर उतरण्यापूर्वीं चार मापें टिपून ठेवावीं: आढ्यापासून वळचणीच्या टोंकापर्यंतची दोरी, वळचण भिंतीबाहेर किती, एका नळ्याचा उघडा भाग किती, आणि थर किती. अर्ध्या तासाचें हें काम आहे. छप्पर एकदां उतरलें म्हणजे हीं मापें पुन्हां कोठेंहि मिळणार नाहींत.

आमच्या घरच्या पोथ्यांचा तो ठोकळा मीं अद्यापि जपून ठेविला आहे. त्याच्या कडेस दोन ठिकाणीं अक्षरें दिसतात, पण ग्रंथ कोणता तें अद्याप वाचतां आलेलें नाहीं.